शंका-समाधान : हायड्रोजनचे मेंब्रेन, चाकणचे पाणी आणि भोसरीची डाय

हायड्रोजनवरचा लेख छापून आल्यापासून जी पत्रे आली, ती जवळजवळ सगळी एकाच पट्ट्यातली आहेत : भोसरी, तळवडे, निगडी, मोशी, आळंदी, चाकण, राजगुरुनगर. लिहिणारे वेगवेगळ्या कामांतले आहेत, पण बहुतेकांचा प्रश्न एकाच वस्तूपाशी येऊन थांबतो. फ्युएल सेलच्या आणि इलेक्ट्रोलायझरच्या पोटात असलेले ते पातळ मेंब्रेन कशाचे असते, ते का बिघडते आणि आपल्या भागातल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

शंका : आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात फ्युएल सेलच्या मधोमध इलेक्ट्रोलाइटचे द्रावण दाखवले आहे. आपल्या लेखात तिथे प्लास्टिकचा पापुद्रा असतो असे वाचले. मग प्रोटॉन प्लास्टिकमधून जातो कसा? आणि प्रोटॉन जातो, तर इलेक्ट्रॉन का जात नाही? — बारावीची विद्यार्थिनी, निगडी

समाधान : पुस्तकातली आकृती बहुधा अपोलो यानातल्या अल्कली सेलची आहे, आणि ती बरोबरच आहे. मी लिहिले ते त्याच्या चुलत भावाबद्दल.

या मेंब्रेनला प्रोटॉन एक्स्चेंज मेंब्रेन, थोडक्यात पीईएम, म्हणतात. त्याचा कणा टेफ्लॉनचा असतो, म्हणजे कार्बन आणि फ्लोरीनची लांबच लांब साखळी. त्या साखळीला ठिकठिकाणी फांद्या असतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला सल्फोनिक आम्लाचा गट असतो. कण्याला पाणी अजिबात नको असते, आम्लगटाला ते हवेच असते. मेंब्रेन ओले केले की दोघे आपापल्या बाजूला होतात, आणि आम्लगटांच्या आजूबाजूला पाण्याच्या काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटा तयार होतात. प्रोटॉन त्या पाण्यातून जातो, प्लास्टिकमधून नाही. तेही एकच प्रोटॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जातो असे नाही. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि घागर हातोहात पुढे जाते, माणूस जागचा हलत नाही. पाण्याचे रेणूही बऱ्याच अंशी असेच प्रोटॉन पुढच्याच्या हाती देतात. म्हणून मेंब्रेन सुकले की रांग तुटते आणि सेलची वीज घसरते.

इलेक्ट्रॉनला मात्र इथे वाटच नाही. हा पॉलिमर विद्युतरोधक आहे, आणि पाण्यात मोकळे इलेक्ट्रॉन राहत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेने वळसा घालूनच पलीकडे जावे लागते. तो वळसा म्हणजेच आपल्याला मिळणारी वीज. इलेक्ट्रोलायझरमध्ये याच गोष्टी उलट क्रमाने घडतात. तिथे आपण वीज देतो, पाणी तुटते, प्रोटॉन मेंब्रेन ओलांडतो आणि पलीकडे त्याचा हायड्रोजन होतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो पुण्यापर्यंत येतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या थॉमस ग्रब आणि लिओनार्ड नीड्राक यांनी १९५०च्या दशकात असा सेल बनवला. २१ ऑगस्ट १९६५ रोजी उडालेल्या जेमिनी-५ यानात तो पहिल्यांदा अंतराळात गेला. तेव्हाचे मेंब्रेन पॉलिस्टायरीनचे होते आणि ते लवकर खराब होई. पुढे ड्यूपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरीनचा कणा असलेले नॅफिऑन बनवले, आणि आजही सगळी तुलना त्याच्याशीच होते. आपल्याकडे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, कराईकुडीची सीईसीआरआय (दोन्ही सीएसआयआर या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या संस्था) आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांच्याबरोबर २०१६ पासून यावर काम केले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी १० किलोवॉटचा सेल पाच आसनी मोटारीत बसवून चालवून दाखवला. त्या सेलमधला मेंब्रेन-इलेक्ट्रोड संच बनवण्याचे ज्ञान पूर्णपणे सीएसआयआरचे होते. त्यानंतर हायड्रोजनवरची बस पुण्यात सादर झाली ती २१ ऑगस्ट २०२२ रोजी, जेमिनी-५च्या बरोबर सत्तावन्न वर्षांनी. तारखेचा हा योगायोग कुणी ठरवून जुळवलेला नाही, पण तुझ्या लक्षात राहील म्हणून सांगितला.

शंका : मी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डीएम प्लांट सांभाळतो. आमच्याकडे छोटा पीईएम इलेक्ट्रोलायझर येणार आहे. साहेब म्हणतात, आरओचे पाणी पुरेल, टीडीएस कमीच असतो. मला शंका वाटते. मेंब्रेन तर आरओतही असते आणि ते खारे पाणीसुद्धा सोसते, मग हेच एवढे नाजूक का? — डीएम प्लांट ऑपरेटर, चाकण

समाधान : तुमची शंका रास्त आहे, आणि साहेबांना दाखवता यावे म्हणून उत्तर आकड्यांसह देतो.

आधी आरओबद्दल. आरओचे मेंब्रेन क्षार अडवते. पीईएम मेंब्रेन ते अडवत नाही, पकडून ठेवते. तुमच्या कॅटायन बेडमध्ये जे रेझिन आहे ते सल्फोनेटेड पॉलिस्टायरीन असते. चिंचवडला कारखाना असलेल्या थरमॅक्सचे टुलसिऑन रेझिन तुम्ही हाताळलेही असेल. त्या रेझिनवर जो सल्फोनिक गट आहे, तोच इलेक्ट्रोलायझरच्या मेंब्रेनमध्ये आहे. म्हणजे पीईएम मेंब्रेन हा पातळ पत्र्यासारखा पसरलेला कॅटायन बेडच आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोह यांपैकी जे पाण्यातून येईल ते प्रोटॉनला हटवून त्याची जागा घेते. बेड भरला की तुम्ही हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून रिजनरेट करता. स्टॅकमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या चळतीत, बसवलेल्या मेंब्रेनला ती सोय नाही.

आता हिशेब. एक मेगावॉटचा पीईएम इलेक्ट्रोलायझर धरा, कारण प्रमाण लहान यंत्रालाही तेच लागू पडते. तो तासाला साधारण १९-२० किलो हायड्रोजन देतो आणि त्यात सुमारे १८० लिटर पाणी खर्च होते. वर्षाला ८,००० तास चालला तर १,४४० घनमीटर. या पाण्यात लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम कडकपणा राहिला, तर वर्षाला १.४४ किलो कॅल्शियम कार्बोनेटइतका कडकपणा आत जातो, म्हणजे सुमारे २९ इक्विव्हॅलंट. मेंब्रेनची क्षमता किती? चौरस सेंटीमीटरला २ अँपिअर प्रवाह धरला तर एक मेगावॉटला सुमारे २५ चौरस मीटर मेंब्रेन लागते. नॅफिऑन ११७ची जाडी सुमारे १७५ मायक्रॉन, घनता पाण्याच्या दुप्पट आणि इक्विव्हॅलंट वजन ११००. यावरून वजन येते साडेआठ किलोच्या आसपास आणि क्षमता जेमतेम ८ इक्विव्हॅलंट. आत जाणारा कडकपणा क्षमतेच्या साडेतीन पटींहून जास्त झाला. तो सगळा मेंब्रेनवर बसला, तर साधारण तीन महिन्यांत मेंब्रेन पूर्ण भरेल. प्रत्यक्षात ते पूर्ण भरण्याच्या कितीतरी आधी व्होल्टेज चढू लागते आणि त्याच हायड्रोजनसाठी विजेचे बिल वाढते. आणि लिटरमागे एक मिलिग्रॅम हा आकडा आरओच्या पाण्याला अजिबात अशक्य नाही.

यात आणखी एक पेच आहे. इलेक्ट्रोलायझरमध्ये पाणी फिरते असते. त्यातले पाणी वायू होऊन निघून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणून आत येणारे पाणी चांगले असून भागत नाही, फिरत्या पाण्याचा काही भाग सतत एका मिक्स्ड बेडमधून काढावा लागतो. तिथे तुमचा अनुभव कामी येईल. अ‍ॅनायन रेझिनला साठ अंशांपुढचे तापमान सोसत नाही आणि इलेक्ट्रोलायझरचे पाणी त्याच्याही वर असू शकते. त्या शाखेवर आधी कूलर लागतो, आणि कूलर बंद पडल्याचा अलार्म हवाच.

कंडक्टिव्हिटी सेंटीमीटरला १ मायक्रोसिमेन्सच्या आत हवी, शक्य तर ०.१च्या आत. पण मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सिलिका कंडक्टिव्हिटीत जवळजवळ दिसत नाही, तिची चाचणी वेगळी करा. आणि सगळ्यात मोठा शत्रू लोह आहे. सेलमध्ये थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते. लोहाचा अंश भेटला की त्यातून असे मूलक निर्माण होतात जे मेंब्रेनच्या साखळीलाच चावतात. मेंब्रेन पातळ होत जाते, त्याला सूक्ष्म भोके पडतात, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड दिसू लागते. म्हणून मिक्स्ड बेडनंतरच्या लाइनीत जीआय नको, एमएस नको, गंजलेला एक नटसुद्धा नको. ३१६-एल स्टेनलेस किंवा योग्य प्लास्टिकचीच लाइन हवी. बाहेर पडणाऱ्या पाण्यातले फ्लोराइड दर महिन्याला तपासून नोंदवहीत लिहा. स्टॅक आतून कसा आहे हे त्या नोंदीवरून सगळ्यात आधी कळते.

साहेबांना एवढे सांगा की या यंत्रात स्टॅक सगळ्यात महाग आहे, आणि स्टॅकचे आयुष्य बरेचसे तुमच्या हातात आहे. यंत्र येण्याआधी पाण्याची व्यवस्था ठरवताना तुम्हाला बैठकीला बसवले पाहिजे.

शंका : पीईएम घ्यावा की साधा अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर? दोन्ही विक्रेते आपलाच चांगला म्हणतात. — उत्पादन व्यवस्थापक, चाकण

समाधान : वीज कुठून येणार त्यावर ठरते. अल्कलाइनमध्ये तीस टक्क्यांच्या आसपासचे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते आणि निकेलचे इलेक्ट्रोड चालतात. यंत्र दणकट असते, जुन्या ओळखीचे असते, आणि चोवीस तास एकसारखे चालवायचे असेल तर पैसेही कमी लागतात. पीईएम सूर्य-वाऱ्याच्या वर-खाली होणाऱ्या विजेशी चटकन जुळवून घेतो, जागा कमी घेतो आणि हायड्रोजन दाबाखालीच देतो. पण त्याला प्लॅटिनम लागते आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागते. इरिडियम साऱ्या जगात वर्षाला सात-आठ टन निघते, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. महावितरणच्या विजेवर भट्टीसाठी स्थिर हायड्रोजन हवा असेल, तर माझे मत अल्कलाइनच्या बाजूने आहे.

शंका : आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसाठी हायड्रोजनचे सिलिंडर येतात. त्यातलाच हायड्रोजन वापरून फ्युएल सेलवर बॅकअप घेता येईल का? — लघुउद्योजक, तळवडे

समाधान : सिलिंडरबरोबर आलेल्या प्रमाणपत्रावर नुसती शुद्धतेची टक्केवारी पाहू नका, उरलेले काय आहे ते पाहा. वाहनांच्या पीईएम सेलसाठी आयएसओ १४६८७ हे मानक आहे. त्यात हायड्रोजन ९९.९७ टक्के पुरतो, पण कार्बन मोनॉक्साइड दशलक्षात ०.२ भागांपेक्षा, अमोनिया ०.१पेक्षा आणि एकूण गंधक ०.००४पेक्षा जास्त चालत नाही. भट्टीला या सूक्ष्म अंशांनी काही होत नाही. सत्तर अंशांवर चालणाऱ्या सेलमध्ये मात्र कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागाच उरत नाही. अमोनिया तर मेंब्रेनमध्येच शिरतो आणि कॅल्शियमसारखी प्रोटॉनची जागा बळकावतो. भट्टीसाठी अमोनिया क्रॅकर असेल, तर त्याचा वायू थेट सेलला अजिबात देऊ नका.

कार्बन मोनॉक्साइडवर एक वेगळा उपाय आहे आणि त्यात आपल्या भागाचा वाटा आहे. फॉस्फोरिक आम्ल मुरवलेले पॉलिबेंझिमिडाझोलचे मेंब्रेन वापरले की सेल १६० अंशांच्या आसपास चालवता येतो. एवढ्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर टिकत नाही, आणि टक्का-दोन टक्के असला तरी निभावते. मग मिथेनॉलपासून जागेवर काढलेला हायड्रोजनही चालतो. सीएसआयआरच्या स्थापनादिनाच्या समारंभात २६ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी ५ किलोवॉटच्या अशा उच्च-तापमान फ्युएल सेलचे अनावरण केले. एनसीएल, दिल्लीची एनपीएल, कराईकुडीची सीईसीआरआय यांच्यासोबत थरमॅक्स आणि रिलायन्स त्यात होते. तुमच्यासारख्या बॅकअपच्या गरजेला, माझ्या मते, हीच वाट अधिक जवळची आहे. तोवर जनरेटर विकू नका. आणि सिलिंडरची संख्या वाढवण्याआधी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय स्फोटक-सुरक्षा संस्थेचे नियम वाचा.

शंका : मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. दुपारच्या जास्तीच्या विजेचा हायड्रोजन करून रात्री लिफ्ट चालवता येईल का? — सोसायटीचे सचिव, मोशी

समाधान : येईल, पण करू नका. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज जाते आणि फ्युएल सेलमधून १५ ते १७ युनिट परत मिळते. बॅटरी शंभरातले पंच्याऐंशी युनिट सहज परत देते. हायड्रोजनची खरी गरज आहे ती जिथे तो कच्चा माल आहे तिथे. थळ आणि ट्रॉम्बेच्या खत कारखान्यांत, माहुलच्या रिफायनऱ्यांत तो आज नैसर्गिक वायू किंवा तेलापासून काढला जातो. ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे २०३० सालापर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट मुख्यतः अशा जागांसाठी आहे. गच्चीसाठी बॅटरीच घ्या.

शंका : इंद्रायणीच्या पाण्यावर फेस आला की आम्हाला लाज वाटते. वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात. आता तुम्ही म्हणता, या मेंब्रेनमध्ये फ्लोरीनचे प्लास्टिक आहे. 'कायमची रसायने' म्हणतात ती हीच ना? उद्या हीदेखील नदीत येणार का? — निवृत्त शिक्षक, आळंदी

समाधान : सर, तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

आज दिसणारा फेस मुख्यतः न शुद्ध केलेले सांडपाणी, साबण-डिटर्जंट आणि कारखान्यांचे पाणी यांमुळे येतो. त्याचा फ्युएल सेलशी संबंध नाही. पण तुमची भीती बिनबुडाची नाही. नॅफिऑनसारखे मेंब्रेन पीएफएएस, म्हणजे 'कायमची रसायने', या मोठ्या कुळातच मोडते. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी २०२३ च्या सुरुवातीला या संपूर्ण कुळावर बंधन घालण्याचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेपुढे ठेवला. अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर असे पदार्थ बनवणे थांबवण्याचे आधीच जाहीर केले होते.

धोका तीन ठिकाणी असतो, आणि तिन्ही ठिकाणी तो सारखा नाही. यंत्र चालू असताना बाहेर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड आणि साखळीचे तुकडे अत्यल्प प्रमाणात येतात. मेंब्रेन जपले तर ते आणखी कमी होतात, म्हणूनच वर चाकणच्या ऑपरेटरला फ्लोराइड तपासायला सांगितले. पॉलिमर जिथे बनतो तिथे धोका जास्त असतो, कारण तिथे लहान रेणूंची फ्लोरीन-रसायने वापरली जातात आणि ती पाण्याबरोबर दूरवर जातात. आपल्या पट्ट्यात मला जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे भंगाराची.

जुन्या स्टॅकमध्ये प्लॅटिनम असते, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळणारच. प्लॅटिनम काढायचा सोपा मार्ग म्हणजे जाळणे. आणि हे मेंब्रेन जाळले की हायड्रोजन फ्लोराइड निघते, जे फुफ्फुसाला आणि हाडाला इजा करते. चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामे कित्येक वर्षे होती, तिथल्या आगींचा धूर सगळ्या शहराने पाहिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली, पण भंगाराचा धंदा संपत नसतो, जागा बदलतो. म्हणून माझे म्हणणे असे की हायड्रोजनच्या बसला किंवा इलेक्ट्रोलायझरला अनुदान देतानाच, वापरलेला स्टॅक बनवणाऱ्यानेच परत घ्यावा ही अट हवी. आज स्टॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तोवर ही अट घालणे सोपे आहे.

फ्लोरीन नसलेली मेंब्रेनही आहेत. सल्फोनेटेड पीईईके हे एक उदाहरण, मघाशी सांगितलेले पॉलिबेंझिमिडाझोल हे दुसरे, आणि एनसीएलमध्ये त्यावर दीर्घकाळ काम झाले आहे. टिकाऊपणात ती अजून नॅफिऑनच्या मागे आहेत. संशोधनाचा पैसा तिकडे अधिक वळला पाहिजे असे मी ठामपणे म्हणेन.

शंका : पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला रोज तासभर अडकतो. अवजड ट्रकचा धूर, खड्ड्यांची धूळ. अशा हवेत हायड्रोजनची बस टिकेल? — रोजचा प्रवासी, राजगुरुनगर

समाधान : टिकेल, पण तिच्या एअर फिल्टरकडे डिझेल बसच्या फिल्टरसारखे दुर्लक्ष करून चालणार नाही. एक किलो हायड्रोजनला आठ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे किमान ३५ किलो हवा, आणि प्रत्यक्षात त्याच्या सुमारे दुप्पट हवा आत ओढली जाते. धूळ कागदी फिल्टर अडवतो. धुरातला सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, जवळच्या पेंट शॉपची सॉल्व्हंटची वाफ त्याच्यातून आरपार जाते. त्यांच्यासाठी सक्रिय कार्बनचा थर लागतो, आणि तो काळा दिसला म्हणून बदलायचा नसतो, ठरलेल्या तासांनी बदलायचा असतो.

धुळीपेक्षा मला एप्रिल-मेची दुपार कठीण वाटते. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. फ्युएल सेलची जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरलाच काढावी लागते, आणि सेलचे कूलंट सत्तर-पंचाहत्तर अंशांचेच असते. बाहेर चाळीस अंश असताना तीस-पस्तीस अंशांच्या फरकावर ते काम करायचे, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. शिवाय ती हवा कोरडी असते आणि मेंब्रेनला ओल लागते, त्यामुळे ह्युमिडिफायर नीट चालावा लागतो. हे प्रश्न युरोपच्या चाचण्यांत पुरते कळत नाहीत. टाटा मोटर्सने इंडियन ऑइलसाठी केलेल्या १५ फ्युएल सेल बसपैकी पहिल्या दोन सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत धावू लागल्या, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या ज्या मार्गांवर सुरू झाल्या त्यांत पुण्याचाही समावेश आहे. या चाचण्यांतले उन्हाळ्याचे आकडे लोकांसमोर आले पाहिजेत.

शंका : भोसरी एमआयडीसीत वडिलांपासून टूलरूम आणि प्रेस शॉप आहे. इंजिनाचे आणि सायलेन्सरचे पार्ट करतो. इलेक्ट्रिक आले, आता हायड्रोजन म्हणतात. मेंब्रेन तर आम्ही करू शकत नाही. मग आमच्यासाठी यात काही आहे का, की हेही सगळे बाहेरून येणार? — टूलरूम मालक, भोसरी

समाधान : मेंब्रेन तुम्ही करू शकणार नाही, हे खरे. त्याचा पॉलिमर बनवायला फ्लोरीन रसायनांची पूर्ण साखळी लागते. केमूर्स, गोर, असाही कासेई, एजीसी यांसारख्या मोजक्या कंपन्या ते बनवतात. आपल्याकडे दहेजला गुजरात फ्लोरोकेमिकल्स टेफ्लॉन बनवते, म्हणजे निदान कच्च्या मालाचे एक टोक देशात आहे. पण मेंब्रेन म्हणजे अख्खा स्टॅक नव्हे.

मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंना ज्या प्लेट बसतात त्यांना बायपोलर प्लेट म्हणतात, आणि ते निखळ प्रेसचे काम आहे. ३१६-एल स्टेनलेसचा साधारण ०.१ मिलिमीटरचा पत्रा, त्यावर ०.४ मिलिमीटरच्या आसपास खोलीच्या नागमोडी वाटा, दोन अर्ध्या प्लेट पाठीला पाठ लावून लेझरने जोडलेल्या. टोयोटा मिराईच्या पहिल्या मोटारीत ३७० सेल होते. दर सेलमागे दोन अर्ध्या प्लेट धरल्या तरी एका मोटारीला सातशेहून जास्त पार्ट होतात. २०२०च्या पुण्यातल्या मोटारीच्या सेलमध्येही पातळ धातूच्या बायपोलर प्लेटच होत्या.

यात अवघड काय, ते तुमच्या भाषेत सांगतो. पहिले म्हणजे बर, पत्रा कापल्यावर कडेला राहणारी बारीक खरखरीत धार. मोटारीच्या सेलचे मेंब्रेन १० ते २० मायक्रॉनचे असते. सायलेन्सरच्या पार्टला पन्नास मायक्रॉनची बर कुणी विचारत नाही, इथे ती मेंब्रेनच्या आरपार जाईल. भोक पडले की हायड्रोजन पलीकडे जातो, आणि हवेत तो चार टक्क्यांपुढे गेला की पेटू शकतो. २०१९ साली दक्षिण कोरियात गंगनुंग इथे हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मिसळून स्फोट झाला आणि दोन माणसे गेली. तिथले कारण बरीचे नव्हते, पण दोन वायू एकमेकांत मिसळू न देणे हे या क्षेत्रात का सर्वांत वर ठेवतात, ते त्यावरून समजते. दुसरे, सपाटपणा. एका प्लेटमध्ये पाच मायक्रॉनचा फरक किरकोळ वाटतो, पण तीनशे प्लेट एकावर एक रचल्या की तो दीड मिलिमीटर होतो. मग एका कोपऱ्यात मेंब्रेन चेपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात गॅस्केट गळते. स्प्रिंगबॅक काढायला पातळ पत्र्यात डाय दोन-तीनदा दुरुस्त करावी लागेल, तो वेळ आधीच धरा. तिसरे, स्वच्छता. प्रेसचे तेल प्लेटवर राहता कामा नये, आणि सिलिकॉनचा स्प्रे त्या शेडमध्ये आणूसुद्धा नका. डायचा लोखंडी चुरा स्टेनलेसमध्ये दाबला गेला, तर पुढे तोच लोह होऊन मेंब्रेन खातो. कोटिंग मात्र बाहेरून करून घ्यावे लागेल, कारण संपर्करोध चौरस सेंटीमीटरला १० मिलिओहमच्या आत आणावा लागतो आणि साधे स्टेनलेस तिथवर पोचत नाही.

आता पैशाचे. आज या प्लेटची मागणी आपल्या देशात फार थोडी आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले, पण धोरणाला ऑर्डर समजू नका. कर्ज काढून नवे प्रेस किंवा लेझर मशीन घेऊ नका. तुमच्याकडे आहे त्याच प्रेसवर, तळहाताएवढ्या नमुना प्लेटची एक डाय करा. वाटा सरळ ठेवा, नागमोडी नंतर. शंभर प्लेट मारा आणि शंभरही मोजा. बर किती, जाडीतला फरक किती, पन्नासाव्या प्लेटनंतर डायची धार कशी राहिली. हे आकडे तुमच्याकडे आले की पुढचे बोलणे सोपे होते. एनसीएलच्या आवारातले व्हेंचर सेंटर नव्या उद्योगांना मदत करण्यासाठीच २००७ पासून आहे, आणि एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेचे चाचणी केंद्र तर चाकणलाच आहे.

भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये काही मायक्रॉनवर काम करणारी माणसे तीन पिढ्यांपासून आहेत, आणि मेंब्रेन ज्या प्लेटमध्ये जगते ती प्लेट बाहेरून यावी असे कोणतेही कारण मला दिसत नाही. शंभर प्लेटची मोजमापे काढली की मला पाठवा. पुढच्या अंकात त्यांवर सविस्तर लिहीन, आणि तुमची हरकत नसेल तर आकडेही छापीन, म्हणजे शेजारच्या शेडमधल्यालाही उपयोग होईल.